अन्नविषबाधा : जीवाणूंचे विष आणि गावाची पंगत

विषबाधा हा शब्द यवतमाळ जिल्ह्यास अपरिचित नाही. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास जणांना प्राण गमवावे लागले. त्या घटनेने साऱ्या राज्याचे लक्ष या जिल्ह्याकडे वेधले गेले. ते विष बाटलीतून आले होते. त्याला नाव होते, वास होता, वेष्टनावर धोक्याची खूण होती. प्रस्तुत लेखात ज्या विषाचा विचार करावयाचा आहे, त्याला यांपैकी काहीही नाही. ते कोणी विकत आणीत नाही, कोणी हेतुपुरस्सर मिसळीत नाही. ते आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच गंजात, बहुधा चांगल्या हेतूने शिजविलेल्या अन्नात काही तासांत तयार होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लागोपाठ दोन घटना घडल्या. पैनगंगेपलीकडील नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे एका धार्मिक कार्यक्रमातील महाप्रसादानंतर दोन हजारांवर लोकांना उलट्या व जुलाबाचा त्रास झाला. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात, सोमठाणा येथील सप्ताहात प्रसाद घेतलेले शेकडो भाविक आजारी पडले. रुग्णालयात जागा अपुरी पडल्याने उघड्यावर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. ती छायाचित्रे अनेकांना आठवत असतील. अशा प्रत्येक घटनेचे नेमके कारण प्रयोगशाळेच्या तपासणीनेच ठरावयाचे असते, ते येथे गृहीत धरण्याचे प्रयोजन नाही. तथापि गावोगावी होणारे भंडारे, लग्नाच्या पंगती, शाळेतील पोषण आहार आणि आश्रमशाळांतील भोजन यांचा विचार केल्यास, हा प्रश्न कोणत्याही गावाच्या वेशीपाशी केव्हाही येऊन उभा राहू शकतो, हे मान्य करावे लागेल. म्हणून त्यामागील शास्त्र समजून घेणे सरपंच, शिक्षक व अधिकारी या सर्वांच्या हिताचे आहे.

जंतू आणि जंतूंचे विष

दूषित अन्नामुळे होणारे आजार स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात जिवंत जंतू अन्नाबरोबर पोटात जातात, तेथे वाढतात आणि आतड्यांना इजा करतात. विषमज्वर, हगवण, पटकी ही त्याची उदाहरणे होत. दुसऱ्या प्रकारात जंतू अन्नातच वाढतात व वाढताना एक विषारी द्रव्य अन्नात सोडतात. त्यास जीवविष असे म्हणतात. येथे खाणाऱ्याच्या पोटात जिवंत जंतू गेला नाही तरी आजार होतो, कारण विष आधीच तयार झालेले असते. या दोहोंच्या मधला एक प्रकारही आहे. त्यात जंतू अन्नात वाढतात, पण विष मात्र आतड्यात गेल्यावर निर्माण करतात.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. उपाय त्यावरच अवलंबून आहे. ‘अन्न थोडे शंकास्पद वाटते, एक उकळी आणू म्हणजे झाले’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. उकळीने जिवंत जंतू मरतात हे खरे. परंतु काही जंतूंनी आधी सोडलेले विष उकळीने नष्ट होत नाही. अशा वेळी उकळी ही खबरदारी न राहता खोटा दिलासा ठरते.

दुसरा गैरसमज वासाविषयीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील शास्त्रज्ञांचीही अशी समजूत होती की, अन्न कुजताना ‘टोमेन’ नावाची द्रव्ये तयार होतात व तीच विषबाधेस कारण होतात. पुढील संशोधनाने ही उपपत्ती मागे पडली. अन्न आंबविणारे व त्याला दुर्गंधी आणणारे जंतू वेगळे आणि आजार घडविणारे जंतू बहुधा वेगळे असतात. विषारी झालेले अन्न दिसावयास उत्तम, चवीस गोड व वासास निर्दोष असू शकते. किंबहुना ते तसे असते म्हणूनच लोक ते पोटभर जेवतात.

चार प्रमुख जीवाणू

पहिला जीवाणू स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो माणसाच्या नाकात व त्वचेवर राहतो. सुमारे एक तृतीयांश निरोगी माणसांच्या नाकात तो आढळतो आणि त्यांना त्याचा काहीही त्रास नसतो. गळू, पिकलेली जखम, नखुरडे यांत मात्र तो विपुल असतो. आचाऱ्याच्या बोटावरील लहानशी पिकलेली जखम, शिंकताना तोंडावर धरलेला व तसाच पिठात गेलेला हात, एवढे निमित्त त्याला अन्नात उतरण्यास पुरते. खवा, पेढा, बासुंदी, रबडी, मलईयुक्त मिठाई, शिजवून हाताने कुस्करलेले बटाटे हे त्याचे आवडते पदार्थ होत. इतर जंतूंना न मानवणारे मिठाचे व साखरेचे प्रमाण हा जीवाणू सहन करतो, म्हणून गोड पदार्थ सुरक्षित असतात असे समजता येत नाही.

या जीवाणूचे विष दुधातही तयार होते, हे १९१४ साली फिलिपाईन्समध्ये बार्बर या संशोधकाने दाखविले. एका गोठ्यातील दूध प्याल्यावर वारंवार त्रास होतो असे आढळल्यावर त्यांनी कासेला सूज असलेल्या गाईचे दूध काही तास न थंड करता ठेवले आणि ते स्वतः पिऊन पाहिले. त्रास झालाच. पुढे १९३० साली अमेरिकेत डॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी मलईच्या केकमधून हाच जीवाणू वेगळा काढून त्याच्या विषामुळे आजार होतो हे स्वयंसेवकांवरील प्रयोगाने सिद्ध केले. कासदाह झालेल्या जनावराचे दूध संकलनात मिसळू नये, असा आग्रह पशुवैद्यकीय अधिकारी धरतात, त्यामागे हेही एक कारण आहे. या विषाचे वैशिष्ट्य असे की, अर्धा तास उकळल्यानेही त्याचा प्रभाव पूर्णपणे जात नाही. जेवणानंतर एक ते सहा तासांत मळमळ व जोराच्या उलट्या सुरू होतात. ताप बहुधा नसतो. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत बरे होतात. परंतु लहान मुले, वृद्ध आणि आधीच अशक्त असलेली माणसे यांच्या शरीरातील पाणी झपाट्याने कमी होऊन जिवावर बेतू शकते.

दुसरा जीवाणू बॅसिलस सिरीअस. तो मातीत असतो आणि तांदूळ, डाळी, मसाले यांबरोबर घरात येतो. प्रतिकूल परिस्थितीत तो कठीण कवचाचे बीजाणू तयार करतो. भात शिजतो, पण हे बीजाणू शिजण्यातून वाचतात. भात गंजात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि दोन प्रकारची विषे देऊ शकतात. एक विष अन्नातच तयार होते व अर्ध्या ते सहा तासांत उलट्या घडविते. हे विष उष्णतेला इतके चिवट आहे की, प्रेशर कुकरच्या तापमानालाही ते दाद देत नाही. दुसरे विष आतड्यात तयार होऊन सुमारे आठ ते सोळा तासांनी पोटात कळा व जुलाब सुरू होतात. १९७० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील उपाहारगृहांत रात्री शिजवून तसाच ठेवलेला भात दुसऱ्या दिवशी परतून दिल्याने अनेकांना त्रास झाला, तेव्हा या जीवाणूकडे विशेष लक्ष गेले. आपल्या घरातील फोडणीचा भात याच जातीचा पदार्थ आहे. फोडणीत दोष नाही. दोष आहे तो रात्रभर उबदार राहिलेल्या भातात.

तिसरा जीवाणू क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. पंगतीच्या दृष्टीने यास सर्वांत अधिक महत्त्व द्यावयास हवे. तोही बीजाणूंच्या रूपाने शिजण्यातून वाचतो. त्याला हवा नको असते. मोठ्या गंजातील दाट भाजी, वरण किंवा मटणाचा रस्सा यांच्या मध्यभागी हवा पोहोचत नाही आणि ऊब मात्र तासन्‌तास टिकते. तेथे हा जीवाणू अतिशय वेगाने वाढतो. अनुकूल स्थितीत दर दहा-बारा मिनिटांनी त्याची संख्या दुप्पट होते. असे अन्न खाल्ल्यावर तो आतड्यात विष सोडतो व आठ ते बारा तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर बहुधा मध्यरात्री, पोटात कळा येऊन जुलाब सुरू होतात. उलट्या सहसा नसतात. या जीवाणूच्या बाबतीत मात्र खळखळून उकळलेले अन्न उपयोगी पडते, कारण येथे जिवंत जंतू मारावयाचे असतात.

चौथा जीवाणू क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. तो क्वचित आढळतो, पण सर्वांत घातक आहे. १८९५ च्या डिसेंबरमध्ये बेल्जियममधील एलेझेल या गावी एका अंत्यविधीस आलेल्या वादकांनी खारविलेले डुकराचे मांस खाल्ले व त्यांपैकी तिघे मरण पावले. व्हान एर्मेन्गेम या शास्त्रज्ञाने त्या मांसातून हा जीवाणू शोधून काढला. त्याचे विष पोटावर नव्हे, तर मज्जातंतूंवर आघात करते. एकाचे दोन दिसणे, पापण्या खाली येणे, गिळता न येणे, बोलणे अडखळणे आणि शेवटी श्वास थांबणे असा त्याचा क्रम असतो. भारतात १९९६ साली गुजरातमधील एका निवासी शाळेतील ३४ विद्यार्थी अशा प्रकारे आजारी पडले. त्या प्रकरणात याच कुळातील दुसऱ्या एका जीवाणूचा संशय बेसनाच्या शेवेवर आला होता. हे विष दहा मिनिटांच्या उकळीने नष्ट होते. म्हणून फुगलेला डबाबंद पदार्थ टाकून देणे आणि हवाबंद साठविलेला पदार्थ उकळून खाणे हा नियम पाळावा. एक वर्षाच्या आतील बालकास मध चाटवू नये, असे वैद्यक सांगते, तेही याच जीवाणूच्या बीजाणूंमुळे.

येथेच एक खुलासा आवश्यक आहे. उपवासाच्या भगरीमुळे होणाऱ्या विषबाधा पुष्कळदा जीवाणूंमुळे नव्हे, तर ओलसर साठवणीत वाढणाऱ्या बुरशीच्या विषामुळे होतात. अन्न व औषध प्रशासन सणासुदीपूर्वी याविषयी सूचना देत असते. भगर स्वच्छ, कोरडी व वेष्टनातील घ्यावी, सुटे पीठ विकत न आणता गरजेपुरते घरीच दळावे आणि ते फार दिवस ठेवू नये, हे त्यावरील साधे उपाय होत.

वेळ व तापमान यांचे गणित

पाच ते साठ अंश सेल्सिअस या दरम्यानचे तापमान जीवाणूंच्या वाढीस धोक्याचे मानले जाते. त्याखाली ते जवळजवळ थांबतात, त्यावर टिकाव धरीत नाहीत. एक जीवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो असे धरले, तर एका तासात आठ, दोन तासांत चौसष्ट, चार तासांत ४,०९६ आणि सहा तासांत २,६२,१४४ जीवाणू होतात. स्टॅफिलोकॉकसची संख्या एका ग्रॅममध्ये लाखाच्या घरात गेली की, त्रास होण्याइतके विष साठते. म्हणजेच सकाळी सहाला तयार झालेला पदार्थ दुपारी बाराला धोक्याच्या रेषेवर असतो. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नाची जी पाच सूत्रे सांगितली आहेत, त्यांत शिजलेले अन्न सामान्य तापमानात दोन तासांहून अधिक ठेवू नये असे म्हटले आहे. हवा बत्तीस अंशांवर गेली असता ही मर्यादा एका तासावर आणावी, असे तज्ज्ञ सांगतात.

आता यवतमाळचा उन्हाळा विचारात घ्यावा. एप्रिल व मे महिन्यांत पारा बेचाळीस ते पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि लग्नसराई ऐन त्याच वेळी असते. परफ्रिंजेन्स जीवाणू ज्या तापमानात सर्वाधिक वेगाने वाढतो, ते नेमके त्रेचाळीस ते सत्तेचाळीस अंश आहे. वणीच्या किंवा पांढरकवड्याच्या मांडवातील दुपार म्हणजे या जीवाणूला आयते मिळालेले उबदार घर होय. तेव्हा थंड हवेच्या प्रदेशातील सूचना येथे जशाच्या तशा लागू करून भागणार नाही.

पंगतीचे वेळापत्रक

शहरी पुस्तके सांगतात की, अन्न शीतपेटीत ठेवावे. हजार पानांची पंगत उठविणाऱ्या गावाला हा सल्ला निरुपयोगी आहे. बंजारा तांड्यावर, कोलाम पोडावर किंवा लहान खेड्यात एवढी शीतपेटी कोठून येणार? आणि वीजपुरवठा खंडित झाल्यास ती काय उपयोगाची? म्हणून आपला मार्ग साठविण्याचा नव्हे, तर साठवावेच लागू नये असा असावयास हवा.

सर्वसाधारण पद्धत अशी की, आचारी आदल्या रात्रीच चुली पेटवितो. पहाटे भाजी उतरते, सकाळी वरण होते आणि वरात लांबल्यामुळे पहिली पंगत दोन वाजता, शेवटची पाच वाजता बसते. पहाटेची भाजी तोपर्यंत बारा तासांची झालेली असते. यात बदल करणे अवघड नाही. बुंदी, जिलेबी, शेव असे कोरडे किंवा पाकातील तळीव पदार्थ आधी करावेत. भाजी, वरण व भात शेवटी करावेत आणि तेही एकाच मोठ्या गंजात न करता दोन-तीन खेपांत करावेत. पहिली खेप वाढली जात असताना दुसरी चुलीवर असावी. उरलेल्या भाजीत नवी भाजी ओतू नये, कारण त्यामुळे नव्या खेपेला जुन्या जंतूंचे विरजण लागते. वाढणीतील अन्न मंद निखाऱ्यावर असावे व त्यातून वाफ निघताना दिसावी. तापमापक नसला तरी वाफ ही चांगली खूण आहे. खव्याचे व दुधाचे पदार्थ उन्हाळ्यातील सार्वजनिक जेवणातून शक्यतो वगळावेत.

अन्न ठेवणे अगदीच अपरिहार्य असेल, तर खोल गंजात झाकून न ठेवता उथळ परातीत दोन बोटे जाडीचा थर पसरून लवकर निववावे व मगच थंड जागी हलवावे. दुसऱ्या वेळी ते पूर्ण उकळून वापरावे. परंतु मघाशी सांगितल्याप्रमाणे उकळीने सर्व विषे जात नाहीत, म्हणून जे अन्न तासन्‌तास उघड्यावर कोमट राहिले आहे, ते उकळूनही वापरू नये.

येथे एक नाजूक गोष्ट सांगणे कर्तव्य आहे. मांडवात उरलेले अन्न सायंकाळी मजुरांच्या वस्तीत, भटक्यांच्या पालावर किंवा वसतिगृहात पाठविण्याची आपली पद्धत आहे. तीत दयाभाव आहे व अन्नाविषयी आदरही आहे. परंतु ज्या घरातील मूल आधीच अशक्त आहे आणि दवाखाना दूर आहे, त्याच घरात सर्वांत जास्त वेळ ठेवलेले अन्न पोहोचते, हे आपण लक्षात घेत नाही. दान द्यावयाचे तर पहिल्या पंगतीबरोबर, गरम असतानाच द्यावे. शेवटी उरेल ते देण्यापेक्षा आधी मोजून शिजवावे. प्रसाद टाकणे हा अपमान नव्हे काय, असा प्रश्न अनेक भाविक विचारतील. ज्या प्रसादाने पोराबाळांना रुग्णालयात जावे लागेल, तो वाटण्याने कोणाचा मान राहतो, याचा विचार प्रत्येक उत्सव समितीने करावयास हवा.

शाळा आणि आश्रमशाळा

जिल्ह्यात पांढरकवडा व पुसद येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांच्या अखत्यारीत आश्रमशाळा चालतात. तेथील मुले दिवसातून दोन्ही वेळ एकाच स्वयंपाकघरात जेवतात. जिल्हा परिषदेच्या शाळांतून पोषण आहार दिला जातो. एका गंजातील चूक येथे एकाच वेळी शेकडो मुलांपर्यंत पोहोचते.

शाळेतील आहार मुलांना देण्यापूर्वी शिक्षकाने चव घ्यावी, असा नियम आहे. २०१३ साली बिहारमधील सारण जिल्ह्यात मध्यान्ह भोजनात कीटकनाशक मिसळले जाऊन तेवीस बालके दगावली, त्यानंतर या नियमाकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले. नियम योग्यच आहे. रॉकेलचा वास, अळ्या, करपलेले वा आंबलेले अन्न, काही रसायने यांचा पत्ता चवीने लागतो. परंतु जीवाणूंच्या विषाला चव नसते आणि त्याची लक्षणे दिसावयास कित्येक तास लागतात. शिक्षकाने चव घेतली, त्यास काही झाले नाही, म्हणून अन्न निर्धोक आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. खरी तपासणी चवीची नसून घड्याळाची आहे. अन्न किती वाजता उतरले व किती वाजता वाढले, या दोन वेळा रोज नोंदवहीत लिहिल्या जाव्यात. दोन स्तंभांची ही नोंद महागड्या उपकरणाहून अधिक उपयोगी ठरेल.

स्वयंपाक करणाऱ्या भगिनींविषयीही विचार व्हावा. हातावर गळू किंवा पिकलेली जखम असताना, अथवा उलट्या-जुलाब होत असताना त्यांनी अन्नाला हात लावू नये, हा नियम कागदावर सोपा आहे. पण सुटी घेतली तर त्या दिवसाचे मानधन बुडेल किंवा कामच जाईल, अशी भीती असेल तर ती भगिनी जखम लपवील. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने अशा दिवशी तिला सरपण, पाणी, भांडी असे अन्नाला स्पर्श न होणारे काम द्यावे व मानधन कापू नये. पाणी, साबण व स्वच्छ फडके स्वयंपाकघरातच असावे. जखम सांगणाऱ्याचे नुकसान होत नाही, हे दिसल्यावरच नियम पाळला जातो.

प्रसंग ओढवल्यास

एकाच जेवणानंतर दोन किंवा अधिक जणांना सारखाच त्रास होऊ लागला, तर विषबाधेचा संशय घ्यावा. ते अन्न वाढणे तत्काळ थांबवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे व १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका मागवावी. उलट्या-जुलाब होणाऱ्यास जलसंजीवनी घोट घोट द्यावी. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते द्यावे. तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध बंद करू नये. जुलाब थांबविण्याच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे, ग्लानी येणे, शौचातून रक्त पडणे ही रुग्णालयात तातडीने नेण्याची लक्षणे होत. दृष्टी दुहेरी होणे किंवा गिळता न येणे ही लक्षणे दिसल्यास एक क्षणही दवडू नये व रुग्णास तोंडाने काही देऊ नये. अशा रुग्णास यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयाची गरज असते.

दुसरे कर्तव्य पुराव्याचे आहे. घाबरून अन्न फेकून देणे व भांडी घासून टाकणे ही पहिली प्रतिक्रिया असते. असे झाल्यास कारण कायमचे अज्ञात राहते आणि मग अफवा पसरतात. कोणीतरी विष घातले, अमक्याची नजर लागली, स्वयंपाकिणीने मुद्दाम केले, असे आरोप होतात. त्यांचा मारा बहुधा गावातील सर्वांत दुबळ्या माणसावर होतो. म्हणून प्रत्येक सार्वजनिक जेवणात प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ, झाकणाच्या डब्यात, शक्य तितक्या थंड जागी चोवीस तास ठेवण्याची सवय लावावी. तो आरोग्य अधिकारी किंवा अन्न सुरक्षा अधिकारी यांच्या स्वाधीन करावा.

तिसरे कर्तव्य यादीचे. कोण जेवले, काय जेवले, किती वाजता जेवले, त्रास केव्हा सुरू झाला, या चार प्रश्नांची उत्तरे शिक्षक वहीत लिहू शकतो. समजा, शंभर जण जेवले. बासुंदी खाणाऱ्या साठांपैकी पंचेचाळीस आजारी पडले, म्हणजे शेकडा पंच्याहत्तर. न खाणाऱ्या चाळिसांपैकी दोघे आजारी पडले, म्हणजे शेकडा पाच. त्याच वेळी भात खाणाऱ्या नव्वदांपैकी बेचाळीस व न खाणाऱ्या दहांपैकी पाच आजारी पडले. भात खाल्ला काय, न खाल्ला काय, प्रमाण जवळजवळ सारखेच राहिले. संशय बासुंदीवर येतो, भात सुटतो. त्रास तीन-चार तासांत उलट्यांनी सुरू झाला असेल तर स्टॅफिलोकॉकसकडे, दहा-बारा तासांनी जुलाबांनी सुरू झाला असेल तर परफ्रिंजेन्सकडे बोट जाते. एवढ्या माहितीने प्रयोगशाळेचे काम सोपे होते, डॉक्टरांना दिशा मिळते आणि निरपराधावरील आळ टळतो.

घटना दडपण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. आपल्या शाळेची किंवा देवस्थानाची बदनामी होईल, या भीतीने कळविण्यास उशीर होतो व उशिराची किंमत रुग्ण मोजतो. २००४ पासून देशात चालू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात अन्नविषबाधेचे उद्रेकही नोंदविले जातात. ही नोंद पुढील उद्रेक टाळण्यासाठी असते. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा असून त्याची अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून झाली आहे. त्यानुसार अन्नव्यवसाय करणाऱ्यास, मग तो लहान का असेना, नोंदणी अथवा परवाना आवश्यक असतो. आचारी व मिठाईवाला ठरविताना ही नोंदणी पाहण्यास काय हरकत आहे?

ग्रामपंचायतीचे काम

ग्रामसभेच्या एका बैठकीत पुढील गोष्टी ठरविता येतील. सार्वजनिक जेवणाच्या ठिकाणी शुद्ध पाणी व हात धुण्याची सोय असावी आणि पाण्याच्या टाकीचे निर्जंतुकीकरण आदल्या दिवशी व्हावे. कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्यांचा व पिंपांचा वापर पाण्यासाठी किंवा अन्नासाठी कोणत्याही परिस्थितीत होऊ नये. यात्रा, ऊरूस, सप्ताह व मोठ्या लग्नांची पूर्वसूचना आरोग्य केंद्रास दिली जावी. गावातील आचारी व स्वयंपाकी भगिनींसाठी वर्षातून एकदा, लग्नसराईपूर्वी, आरोग्य सेवकाकडून अर्ध्या दिवसाचे मार्गदर्शन व्हावे. नमुन्याचे डबे व नोंदवही ग्रामपंचायतीनेच पुरवावी. या सर्वांस मोठा निधी लागत नाही.

अन्न वाया जाऊ नये, ही आपली जुनी शिकवण. जीवाणूंविषयीचे ज्ञान तिच्या विरुद्ध जात नाही. मोजून शिजविलेले, उशिरा उतरविलेले व गरम वाढलेले अन्न उरतही नाही आणि कोणास बाधतही नाही. पापड, कुरडया व लोणची टिकविताना उन्हाचा, मिठाचा व आंबटपणाचा उपयोग आपल्या माता-भगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या केला. ओलावा काढला किंवा आम्लता वाढविली की जंतू वाढत नाहीत, हे तत्त्वच त्यांनी व्यवहारात आणले होते. पंगतीच्या अन्नाला तेवढीच शिस्त लावावयाची आहे. येत्या लग्नसराईपूर्वी प्रत्येक शाळेत व प्रत्येक ग्रामपंचायतीत अन्न उतरविल्याची व वाढल्याची वेळ लिहिणारी एक वही सुरू व्हावी, एवढीच या निमित्ताने विनंती आहे.